वरची हद्द

मोजणीवरून परतल्यावर ते कधी सरळ कचेरीत शिरत नसत. आधी मागच्या विहिरीवर जायचे, टोपी कठड्यावर ठेवायचे, दोन्ही हात पुढे करायचे आणि मला म्हणायचे, "पाणी घाल."

मी घालायचो. पहिला तांब्या हातांवर, दुसरा पायांवर, तिसरा चूळ भरायला. तिसरा झाला की "पुरे." शब्द एवढाच. मग शिपायाने मोजणीची लोखंडी साखळीही धुवायची. तिला गंज चढायचा, वरून विचारणा यायची, तरी धुवायचीच. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "आज तर कुठे चिखल नव्हता." त्यांनी तोंड कडू केलं. "चिखल असता तर बरं होतं. चिखल दिसतो तरी. शी!"

त्यांचं नाव सांगत नाही. भांडणाच्या कुठल्याही कागदावर आपलं नाव येऊ नये असं त्यांना वाटे, आणि हाही शेवटी भांडणाचाच कागद आहे. गावोगाव लोक त्यांना सर्व्हेयरऐवजी सर्वेर म्हणत. मी पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास त्यांच्या हाताखाली मोजणी शिकायला लागलो. मालवणच्या किनाऱ्यावरची ही गावं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडायची. सर्वेरांचं स्वतःचं घर बांद्याकडे. त्यांच्या गावाच्या पलीकडे एका ओढ्यापाशी देश संपायचा आणि फिरंग्याचा मुलूख सुरू व्हायचा. पुढे एकसष्टच्या डिसेंबरात तो मुलूखही आपला झाला. तेव्हा सगळे पेढे वाटत होते आणि सर्वेर म्हणाले, "लहानपणापासून तो हद्दीचा दगड बघतोय. दगड तिथेच आहे. शिपायांनी उगाच तिथं जन्म घालवला."

माणूस तसा किडकिडीत. छत्री, काळी टोपी आणि कायम मुरडलेलं नाक. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना कचेरीतला चहा पाणचट लागतो, शाई फिकट दिसते आणि साक्षीदार म्हटला की ओकारी येते. पण बाकीच्यांचा वैताग घरी गेल्यावर, जेवल्यावर उतरतो. यांचा वैताग पोटातून यायचा आणि त्याला कारण असायचं. मी त्यांच्याबरोबर हिंडलो तेव्हा मलाही ते कारण दिसायला लागलं.

आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये दगडांचा गडगा असतो. हा गडगा दर पावसाळ्यात चार बोटं सरकतो. रात्रीत नाही, दिवसाढवळ्या. दोन दगड पडले म्हणून लावायला जायचं आणि लावताना पलीकडे लावायचे. सख्खे भाऊ हे करतात. ज्याच्या लग्नात नाचलो त्याच्या अंगणात चार बोटं. मग पंधरा वर्षांनी अर्ज. आम्ही जायचो तेव्हा दोन्ही घरांत बांगड्याचं तिखलं शिजत असायचं आणि वास बरोबर आमच्याकडे येईल अशा बेताने दारं उघडी असायची. सर्वेर घरून आणलेली पेज देवळाच्या पडवीत बसून प्यायचे. "मासळीलासुद्धा साक्षीदार करतात," असं म्हणून थुंकायचे. मग मालवणीत, कारण संताप आला की ते मालवणीतच यायचे, "खंय थांबूचा ता कोणाक कळना नाय!"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही.

तर असा हा माणूस, ज्याची प्रत्येक फाइल आठ दिवसांत निकाली निघायची, त्याने एक फाइल नऊ वर्षं ठेवून दिली. ती गोष्ट सांगायला मी बसलो आहे.

समुद्राच्या कडेला एक गाव होतं. तिथं सरसोताय नावाची एक विधवा एकटी राहायची. नवरा बोटीवर खलाशी होता. पहिल्यांदा बोटीवर जाताना त्याने गडग्यालगत एक माड लावला होता. तिसऱ्या खेपेला नवरा परत आला नाही, त्याची पेटी आली. माड वाढला. किनाऱ्यावरचे माड समुद्राकडे वाकतात, तसा हाही वाकला आणि वाकता वाकता गडगा ओलांडून पलीकडे गेला. पलीकडे तिच्या दिराचं, दाजीचं घर. माडाचं मूळ हिच्या जागेत आणि अख्खा शेंडा दाजीच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या सारवलेल्या अंगणावर.

नारळ पडायचे ते दाजीच्या खळ्यात. एकदा एक नारळ दाजीपासून वीतभर अंतरावर पडला. दाजीने अर्ज ठोकला. माड आपल्या हद्दीत आला आहे, मोजून द्यावा, म्हणजे तोडता येईल.

आम्ही गेलो तेव्हा सगळा गाव खळ्यात जमला होता. भांडण बघायला आमच्याकडे आमंत्रण लागत नाही. सरसोताय गडग्यावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "सर्वेरानू, नारळ तेंका खावंदेत. मी जाळी बांधतंय, कोणाच्या टकलार पडाचो नाय. पण माड ऱ्हवांदे."

"नारळ नको माका," दाजी म्हणाला. "माझ्या खळ्यावरचा आभाळ माझा. वर देवाच्या पायापर्यंत माझा."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, जेवढा भाग पलीकडे गेलाय तेवढा छाटून टाकू. सरसोतायने माझ्याकडे असं पाहिलं की मी शिकलेला आहे याचीच तिला कीव आली असावी. "आंबो आसतो तर फांदी तोडली आसती. माडाक शेंडो एकच आसता. तो तोडलात की माड मेलो."

 सर्वेरांनी नारळ पाडणाऱ्याला वर चढवलं, शेंड्यातून ओळंबा सोडायला लावला. ओळंब्याचं टोक गडग्यापासून सात हात आत, दाजीच्या तुळशीजवळ टेकलं. दाजीचा चेहरा फुलला. मूळ कुठे आहे हा प्रश्नच त्याने काढला नव्हता. शेंडा कुणाच्या आभाळात हे त्याला हवं होतं, आणि ते सगळ्या गावासमोर सिद्ध झालं. आमचा दाखला त्याच्या हातात पडायचा तेवढा बाकी होता. पडला की कुऱ्हाड.

आठवडा कुठला होता ते मला पक्कं आठवतं, कारण रशियाने सोडलेला तो लहानसा चंद्र तेव्हा पृथ्वीभोवती फिरत होता. सत्तावन्नचा ऑक्टोबर. वर्तमानपत्रं आमच्याकडे उशिरा यायची, पण बातमी आली होती आणि लोक तिन्हीसांजेला किनाऱ्यावर माना वर करून उभे राहायचे. दिसला म्हणणारे पुष्कळ होते.

आम्ही साखळी गुंडाळत होतो. सरसोताय गडग्यापलीकडून शांतपणे म्हणाली, "सर्वेरानू, तो रशियाचो चंद्र काल तिन्हीसांजेक दाजीच्या खळ्यावरसून गेलो. तेका नोटीस दिलात काय?"

गाव हसला. दाजीही हसला. मी हसलो. हसले नाहीत ते फक्त सर्वेर. ते मान वर करून शेंड्याकडे बघत होते. मग शेंड्याच्याही वर.

त्या दिवशी विहिरीवर त्यांनी तीन तांबे घेतले, "पुरे" म्हणाले आणि ओल्या हातांनी तिथेच उभे राहिले. "तिचं बरोबर आहे," म्हणाले. "हद्द वर जाते म्हणायचं, तर कुठवर जाते ते सांगायला नको? तीस वर्षं दगड पुरतोय. वरचा दगड कुठाय?"

मला वाटलं, उन्हाने झालं असेल.

आमच्या कचेरीजवळ मिंगेल मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, घरात पुस्तकांची दोन कपाटं आणि टपालाने येणारी इंग्रजी मासिकं. सर्वेर त्यांच्या पडवीत जाऊन बसले. विचारलं, हवा कुठे संपते? मास्तरांनी पुस्तकं काढली. एका पुस्तकात एक आकडा, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्यात आकडाच नाही. सर्वेरांचं नाक मुरडत गेलं.

"संपना नाय ओ सर्वेरानू," मास्तर म्हणाले. "पातळ होत जाता. वर गेलात की श्वास घेऊक मिळाचो नाय, पण हवा आसा. आनीक वर गेलात, आनीक पातळ. खंय म्हणून रेघ मारतलात?"

"पातळ होते म्हणजे काय?" सर्वेर चिडले. "ताक आहे का ते? एक तर आहे, नाहीतर नाही."

"समुद्राचा काय मग? समुद्राची हद्द खंय आसा, सांगा."

"समुद्र दिवसातून दोनदा सरकतो, पण निदान परत येतो," सर्वेर म्हणाले आणि छत्री उचलून उठले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही. पुढे हे रोजचंच झालं.

मग त्यांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. त्याची स्वच्छ प्रत मी केली, म्हणून मजकूर पाठ आहे. "माडाचा शेंडा अर्जदाराच्या हद्दीत येतो असे ओळंब्यावरून दिसते. परंतु हद्द जमिनीपासून वर किती उंचीपर्यंत धरावी, याचा निर्देश कोठल्याही नियमात आढळत नाही. अर्जदाराचे म्हणणे मान्य केल्यास परदेशी उपग्रहही त्याच्या हद्दीतून जातो. तरी वर हवा कोठे संपते व मोकळे आकाश कोठे सुरू होते, हे समजल्याखेरीज अहवाल पुरा करता येत नाही. मार्गदर्शन व्हावे."

आता माझी लाज सांगतो. ही प्रत मी संध्याकाळी चहाच्या हॉटेलात नेली आणि मोठ्याने वाचून दाखवली. सर्वेरांचा आवाज काढून, नाक मुरडून. लोक टेबलं बडवत होते. सर्वेरांना "आकाशमोजणी" हे नाव त्या संध्याकाळी पडलं आणि ते मी पाडलं. ज्याच्या हातावर दुपारी पाणी घालायचं त्याची संध्याकाळी टर उडवायची. दाजीला नावं ठेवायला मी मोकळा होतो, पण चार बोटं मीही सरकलोच होतो.

उत्तर महिन्याने आलं. "आकाश हा या खात्याचा विषय नाही. आपली प्रकृती ठीक आहे किंवा कसे, कळवावे." सर्वेरांनी उलट टपालाने लिहिलं, "प्रकृती ठीक आहे. प्रश्न शिल्लक आहे." आणि फाइलीवर शेरा मारला, "वरच्या हद्दीबाबत खुलासा अपेक्षित." फाइल बांधून स्वतःच्या खणात ठेवली.

त्यांच्या खणात फाइल आणि दाजीच्या खळ्यावर माड, दोन्ही तसेच राहिले.

दर तीन महिन्यांनी दाजीचं स्मरणपत्र यायचं, दर तीन महिन्यांनी तोच शेरा. दाजी कचेरीत येऊन आरडाओरडा करायचा. सर्वेर त्याला खुर्ची द्यायचे आणि त्याच्याकडे न बघता म्हणायचे, "तुमचं आभाळ कुठवर आहे ते वरून कळलं की लगेच देतो." सरसोतायही बाजाराला आली की खिडकीशी यायची. आत यायची नाही. खिडकीतूनच विचारायची, "सर्वेरानू, आभाळाचा उत्तर इला?"

"नाही आलं."

"बरा," म्हणायची आणि जायची.

एकसष्ट साली रशियाचाच माणूस वर जाऊन आला तेव्हा ती मुद्दाम आली. "तो माणूस वर जावन इलो म्हणतत. तेना थंय हद्दीचो दगड बघल्यान काय?" सर्वेर हसलेले मी एकदाच पाहिले, ते तेव्हा. हसून झाल्यावर त्यांना हसल्याचाही राग आला असावा, कारण शाईची दौत त्यांनी उगाच जोरात आपटली.

मला आधी वाटायचं की म्हातारा वेडा आहे. मग वाटायला लागलं की म्हातारा बेरकी आहे, माड वाचवायला त्याने ही युक्ती काढली. पण युक्ती करणारा माणूस मिंगेल मास्तरांकडे वर्षानुवर्षं संध्याकाळ घालवत नाही. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. दगड पुरण्यात ज्याचा जन्म गेला त्याला एक जागा अशी सापडली होती जिथे दगड पुरता येत नव्हता. तिथं कुणी चार बोटं सरकू शकत नव्हतं. एकदा ते मला म्हणाले, "हवेला हद्द नकोच आहे रे. हद्द भांडणाला लागते. उद्या हे तिथंही जाऊन गडगे घालतील बघ. शी!"

सहासष्टमध्ये ते निवृत्त झाले आणि बांद्याकडे गावी गेले. खणाची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "बाकी काय ते कर. ही एक नीट ठेव." मी "हो" म्हटलं. मला काय, तोंडाने म्हणायचं होतं.

वर्षभर मीही तो शेरा मारला. मग तपासणीला एक साहेब आले. जुन्या फाइली बाहेर काढल्या आणि ही वाचून खुर्चीत मागे रेलून हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता आकाशमोजणी तुमच्याकडे का?" मीच पाडलेलं नाव माझ्या अंगावर आलं.  त्याच दुपारी मी चार ओळी लिहिल्या. माडाचा शेंडा अर्जदाराच्या हद्दीत सात हात. सही, शिक्का. खोटं त्यात अक्षर नव्हतं. ओळंबा माझ्यादेखत पडला होता. नियमाप्रमाणे काम केल्यावर वाटतं ते समाधानही मला वाटलं, आणि त्या समाधानाची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

दाखला मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दाजीने माड तोडला. पडताना तो त्याच्याच तुळशीवर पडला म्हणे.

बाजाराच्या दिवशी सरसोताय खिडकीशी आली. मी शिव्या खाण्याच्या तयारीने बसलो होतो. तिने नेहमीसारखंच विचारलं, "आभाळाचा उत्तर इला?"

सर्वेर असते तर त्यांनी तोंडावर खरं सांगितलं असतं. मी कागदांत डोकं घालून म्हटलं, "हो. आलं."

"बरा," ती म्हणाली आणि गेली. पुन्हा कधी खिडकीशी आली नाही.

त्यानंतर पंधरवड्याने सर्वेर आले. एस.टी.ने, छत्री घेऊन, भर उन्हात. पाहिलं तर मला ओळखूच येईनात, कारण नाक सरळ होतं. माझ्या टेबलापाशी बसले, टोपीतून घडी घातलेला कागद काढला. मिंगेल मास्तरांनी कुठल्याशा मासिकातलं कात्रण मराठीत उतरवून त्यांना धाडलं होतं.

"उत्तर आलं," ते म्हणाले.  "वाच. मोठमोठ्या देशांचे पंडित बसले. हवा कुठे संपते, आकाश कुठे सुरू होतं, रेघ कुठे मारायची. वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. आणि काय ठरलं? ठरलं नाही! अजून ठरवता येत नाही म्हणून त्यांनीही फाइल ठेवून दिली. आपल्यासारखीच!" त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "लाव फाइलला. आता पन्नास वर्षं कुणी हात लावत नाही त्या माडाला."

मी कागद वाचत राहिलो. तीनदा वाचला. मग सांगितलं, "फाइल निकाली निघाली."

"कुणाच्या सहीने?"

"माझ्या."

 त्यांनी अगदी कामातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "वर कुठवर धरलीस?"

"वरचं काही लिहिलं नाही. जमिनीचंच लिहिलं."

त्यांनी कागदाची घडी घातली, टोपीत ठेवली. मला वाटलं, आता "शी" म्हणतील. म्हणायला हवं होतं. एवढी वर्षं सगळ्या दुनियेला म्हणाले, मला म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. ते उठले आणि मागच्या दाराने विहिरीवर गेले. मी मागून गेलो. त्यांनी टोपी कठड्यावर ठेवली, दोन्ही हात पुढे केले.

"पाणी घाल."

मी बादली ओढली. पहिला तांब्या हातांवर घातला. दुसरा पायांवर. तिसऱ्याने त्यांनी चूळ भरली. मी थांबलो. त्यांचे हात पुढेच होते. मी चौथा घातला, पाचवा घातला. ते हात चोळत होते, माझ्याकडे बघत नव्हते, आणि "पुरे" म्हणत नव्हते. बादली संपली.

मी ती पुन्हा विहिरीत सोडली.